दहा इंचाचं झाकण

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्यापासून अकरा यार्डांवर उभा असलेला नर टर्की मी चुकवला. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत असतं, तेवढंच ते अंतर. सूर्य टेकडीमागून नुकता वर येत होता, पक्ष्याने मान ताठ केली होती, आमच्या दोघांमध्ये गवताची काडीसुद्धा नव्हती. मी चाप ओढला. बार झाला. तो पक्षी उताराकडे पळाला, दहा-बारा पावलांवर त्याने पंख उघडले आणि दरी ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला.

त्यानंतर दोन तास मी आणि त्या जमिनीचे मालक उतार पालथा घालत होतो. पीस सापडलं नाही, रक्ताचा थेंब सापडला नाही. माझ्या पोटात जो गोळा आला होता तो पक्षी हातचा गेला म्हणून नव्हता. तो कुठेतरी जखमी होऊन पडला असेल आणि कोल्ह्याच्या तोंडी जाईपर्यंत तडफडेल, ही भीती होती. शेवटी मालकांना खूण सापडली. पक्षी उभा होता त्याच्या मागे एक हिकरीचं झाड होतं. त्याच्या खोडावर, माझ्या छातीच्या उंचीला, मुठीएवढी साल छर्‍यांनी कुरतडली होती. बाकी झाड स्वच्छ. मालकांनी त्या खुणेवर तळहात ठेवला तर ती पूर्ण झाकली गेली.

ते म्हणाले, "डोक्यावरून गेला. पक्ष्याला काही झालेलं नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझी बंदूक जवळून काय करते ते तू कधी कागदावर पाहिलंयस?"

पाहिलं नव्हतं. चाळीस यार्डांवर पाहिलं होतं, तेही एकदाच, एकाच काडतुसाने.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. गेली चौदा वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला राहतो. ग्रीन कार्ड झाल्यावर इथला शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम केला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो इथे सक्तीचा आहे. मालक सत्तरीपुढचे, आयुष्यभर दूधधंदा केलेले शेतकरी. त्यांची जमीन व्हर्नन काउंटीत, मॅडिसनपासून दोन तासांवर. उंच कडे, अरुंद दर्‍या, माथ्यावर मक्याची आणि अल्फाल्फाची शेतं, उतारावर ओक आणि हिकरी. कोकणातल्या माणसाला तिथे पोहोचल्यावर काही समजावून सांगावं लागत नाही.

या व्हर्नन काउंटीचा टर्कीशी खास संबंध आहे. विस्कॉन्सिनमधला शेवटचा रानटी टर्की १८८१ साली डार्लिंग्टन गावाजवळ दिसला आणि मग राज्यातून ही जातच नाहीशी झाली. जंगलं तुटली होती, आणि वर्षभर कोणीही कितीही मारत होतं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७६ साली, विस्कॉन्सिनने मिसूरी राज्याशी अदलाबदल केली. आपले रफ्ड ग्राउस जातीचे पक्षी दिले आणि तिकडून रानात पकडलेले टर्की घेतले. पहिले २९ पक्षी सोडले ते याच काउंटीत. १९८३ साली पुन्हा वसंतातली शिकार सुरू झाली. मालक तेव्हा तरुण होते, हा सगळा बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. काडतुसाच्या प्रत्येक खोक्याच्या किमतीत ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि तो १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो, हे मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. ज्या पक्ष्याला परत आणायला एवढं केलं, त्याच्यावर अंदाजाने बार टाकायचा नाही, ही त्यांची धारणा. त्या हिकरीसमोर उभं असताना ती मलाही लागू झाली.

तर यंदा मार्चमध्ये बर्फ वितळायला लागल्यावर मी पहिल्यापासून सुरुवात केली.

ज्यांनी शॉटगन हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रायफलमधून एक गोळी जाते, शॉटगनमधून छर्‍यांचा थवा जातो. आपल्याकडे जिला बारा बोअर म्हणतात तिच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच. नळीच्या तोंडाशी शेवटचे दोन-अडीच इंच किंचित आवळलेले असतात. हे आवळणं म्हणजे चोक. हल्लीच्या बंदुकांत तो आट्यांचा नळकांडा असतो, हवा तो बसवायचा. इंचाचे दहा सहस्रांश (०.०१०) आवळलं तर इम्प्रूव्हड सिलिंडर, वीस म्हणजे मॉडिफाइड, पस्तीस-चाळीस म्हणजे फुल. त्याहून घट्ट ते टर्की चोक. जितका घट्ट, तितका थवा लांबपर्यंत एकत्र राहतो. जुनी पद्धत अशी की चाळीस यार्डांवर तीस इंचाच्या वर्तुळात सत्तर टक्के छर्रे पडले तर चोक फुल, साठ टक्के पडले तर मॉडिफाइड, पन्नास टक्के पडले तर इम्प्रूव्हड सिलिंडर.

टर्कीला तीस इंचाच्या वर्तुळाचा उपयोग नाही. हा पक्षी आठ-दहा किलोचा, अंगावरची पिसं चिलखतासारखी, खाली छातीचा जाड मांसल थर. अंगावर मारलं तर तो उडून जातो आणि मग मरतो. मारायचं फक्त डोकं आणि मान. तिथला मेंदू आणि मणका मिळून बोटभर रुंदीची उभी पट्टी होते. म्हणून टर्कीवाले दहा इंचाचं वर्तुळ धरतात आणि त्यात निदान शंभर छर्रे पडावेत असा ठोकताळा मानतात. माझ्या घरी एका पातेल्यावरचं स्टीलचं झाकण बरोबर दहा इंच निघालं. बायकोने ते दिलं, पण धुऊन परत ठेवण्याच्या अटीवर.

गेल्या वर्षी मी सगळ्यांचं ऐकून सर्वांत घट्ट चोक घेतला होता. आतला व्यास ०.६६०, म्हणजे नळी जवळजवळ ०.०७० इंच आवळलेली. डोक्यात एकच हिशोब: घट्ट म्हणजे चांगलं. आता मी दुकानातून ०.६७५ चा एक आणला, बंदुकीबरोबर आलेला फुल होताच. काडतुसं दोन प्रकारची, दोन्ही तीन इंची, दोन्हींत पावणेदोन औंस शिसं, पाच नंबरचे छर्रे. एक साधं, तांब्याचा मुलामा दिलेलं. दुसरं ज्यात छर्‍यांभोवती राळेसारखा पदार्थ ओतून घट्ट केलेला असतो. बार होताना तो फुटतो, त्याची पूड छर्‍यांना नळीत एकमेकांवर चेपू देत नाही.

छर्‍याच्या नंबराचं एक गणित मला फार आवडतं. सतरातून नंबर वजा करा, शंभराने भागा, व्यास इंचात मिळतो. पाच नंबर म्हणजे बारा शतांश इंच. असे एका औंसात सुमारे १७० मावतात, म्हणजे माझ्या काडतुसात तीनशेच्या आसपास. सहा नंबर घेतला तर एका औंसात सव्वादोनशे, वर्तुळ जास्त भरतं, पण प्रत्येक छर्रा हलका आणि लांबवर त्याचा जोर लवकर संपतो. चार नंबर घेतला तर जोर भरपूर, पण संख्या १३५ वर येते आणि मानेभोवती मोकळ्या जागा राहतात. पाच नंबर मी दोन्हींच्या मधला म्हणून घेतला आणि पुढे तो बदलावा असं वाटलं नाही.

मालकांच्या धान्यकोठारामागे टेकडीचा उभा कापा आहे. त्यापुढे दोन खांब रोवून खाकी कागदाचा तीन फुटी पन्हा ताणला. मधोमध काळा ठिपका. अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरने ११, २०, ३०, ४० आणि ५० यार्डांवर खुंट्या ठोकल्या. टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्या, कानांत बोळे आणि वरून मफ, डोळ्यांवर चष्मा. मग ठिपक्यावर बार. कागद उतरवायचा, छर्रे जिथे सर्वांत दाट असतील तिथे झाकण ठेवून पेन्सिल फिरवायची, आतलं एकेक भोक खूण करत मोजायचं. ठिपक्यापासून दाट भाग किती सरकलाय ते वेगळं लिहायचं. प्रत्येक जोडीचे तीन बार, कारण एका कागदावर विश्वास ठेवता येत नाही.

तीन चोक आणि दोन काडतुसं मिळून अठरा बार झाले. ऐकायला थोडे वाटतात. तीन इंची टर्कीचं काडतूस खांद्याला घोड्याच्या लाथेसारखं लागतं. पहिल्या दिवशी मी नऊ टाकले, आणि शेवटच्या तिघांत चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटत होते. ते तीन कागद मी फेकून दिले. नंतर दिवसाला पाचाच्या वर गेलो नाही. त्यामुळे चार शनिवार लागले.

मोजताना मला आजोबा आठवायचे. आमच्याकडे त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरांसाठी. बंदूक ठासणीची. नवी दारू आणली की ते गोठ्याच्या मागच्या गडग्याला जुनं सूप टेकवून ठेवायचे आणि चाळीसेक पावलांवरून बार टाकायचे. मग सूप उजेडाकडे धरून भोकं बघायचे आणि दारूचं माप बोटाच्या पेराने कमी-जास्त करायचे. घरात दारामागे अशी तीन-चार चाळणी झालेली सुपं टांगलेली असायची. आम्ही मुलं ती घेऊन खेळायचो. ते काय पाहत होते हे मला पन्नाशीजवळ आल्यावर, दुसऱ्या खंडात, खाकी कागद उन्हाकडे धरल्यावर कळलं.

पहिला धक्का त्या ०.६६० ने दिला. चाळीस यार्डांवर साध्या काडतुसाने झाकणात ८४, ६२ आणि ९१. राळेच्या काडतुसाने १०३, ७१ आणि ११८. आकडे खालीवर होतेच, पण कागद बघितल्यावर खरी गोष्ट दिसली. एका बाजूला छर्‍यांचा गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला टर्कीचं अख्खं डोकं सुखरूप मावेल अशी भोकं नसलेली जागा. मालकांनी त्या रिकाम्या जागेवर कागदी डोकं ठेवून दाखवलं. शिसं मऊ असतं. तीनशे छर्रे पूर्ण वेगात असताना शेवटच्या दोन इंचांत फार आवळले तर कडेचे चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत सरळ जात नाही. म्हणजे आवळता आवळता एक टप्पा असा येतो की थवा घट्ट होण्याऐवजी विस्कटतो. तो टप्पा प्रत्येक नळीचा वेगळा, प्रत्येक काडतुसाचा वेगळा. माझ्या नळीत तो ०.६६० च्या आधीच येत होता.

०.६७५ ने साध्या काडतुसाने ८८, ९० आणि ८५. तीनही कागद एकमेकांची सख्खी भावंडं. राळेच्या काडतुसाने १२७, १२१, १३१. सगळीकडे सारखी पसरण, झाकणात कुठेही अंड्याएवढीसुद्धा मोकळी जागा नाही. बंदुकीबरोबर फुकट आलेल्या फुल चोकनेही राळेच्या काडतुसाला १०२, ९४, १०५ दिले. गेल्या वर्षी मी जो महाग चोक घेतला त्यापेक्षा हा फुकटचा चोक चाळीस यार्डांवर जास्त भरवशाचा होता, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मग अकरा यार्ड. ज्यासाठी हा सगळा खटाटोप. ०.६६० ने राळेचं काडतूस टाकलं आणि कागदाला अक्षरशः एक भगदाड पडलं, कडा फाटलेल्या, जेमतेम साडेतीन इंच. हिकरीवरची तीच मूठ. ०.६७५ ने साडेचार-पाच इंच. फुलने सहा. जवळ येऊ घातलेल्या पक्ष्यावर शॉटगन असूनही मी जवळजवळ एकाच जाड गोळीने नेम धरत होतो, आणि रायफलसारखा नेम धरण्याची सोय तर बंदुकीवर नव्हती. नळीच्या टोकाला फक्त एक माशी, म्हणजे चकचकीत मणी.

मग वर कसा गेला? मालकांनी मला गवतात, झाडाला टेकून, अगदी त्या सकाळसारखं बसायला लावलं, रिकामी बंदूक हातात दिली आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून माझ्या गालाकडे बघत राहिले. "आता समोर टर्की आलाय असं समज." मी डोकं किंचित उचललं. पक्षी नीट दिसावा म्हणून उचललं, आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. गाल दस्त्यावरून अर्धा इंच उठला की डोळा नळीच्या रेषेच्या वर जातो, आणि माशी पक्ष्यावर टेकवायची तर नळीचं तोंड वर करावं लागतं. डोळ्यापासून माशीपर्यंत जवळजवळ तीन फूट, त्यावर अर्धा इंच म्हणजे अकरा यार्डांवर पाच-साडेपाच इंच. कागदावर करून पाहिलं: गाल उचलून टाकलेला बार ठिपक्याच्या पाच इंच वर. साडेतीन इंचाचा थवा, पाच इंच वर. पक्ष्याला वारासुद्धा लागला नसेल.

वर्षभर माझ्या मनात जे होतं, की तो जखमी होऊन गेला असेल, ते त्या कागदाने काढून टाकलं. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो.

उपाय दोन केले. पहिला, बंदुकीवर रेड डॉट बसवला. छोटी काच, तिच्यात लाल ठिपका. डोळा थोडा वरखाली झाला तरी ठिपका जिथे दिसतो तिथेच बार जातो. काहीजण म्हणतात टर्कीला कशाला हवं हे. ज्याचा गाल उचलत नाही त्याने वापरू नये, माझा उचलतो. तो जुळवायला हलकी, आठ नंबरची निशाण्याची काडतुसं वापरली, पंचवीस यार्डांवर, आणि शेवटचे दोन बार मात्र खऱ्या काडतुसाने. हलक्या आणि जड काडतुसांचा मध्यबिंदू एकच असतो असं नाही. माझ्या बंदुकीत जड काडतूस चाळीस यार्डांवर चार इंच उजवीकडे जात होतं आणि ते ठिपका हलवून दुरुस्त केलं. माशीवर तेवढी दुरुस्ती करता आली नसती.

दुसरा उपाय, ०.६७५ आणि राळेचं काडतूस ही जोडी कायम केली आणि दुसरं काही बसवायचं नाही असं ठरवलं. पन्नास यार्डांवरही ही जोडी पाहिली. झाकणात ६१, ५५, ६४. आकडा वाईट दिसत नाही, पण कागदी डोक्यावर मेंदू-मणक्याच्या पट्टीत एका बारात सात लागले आणि एका बारात दोन. ज्या अंतरावर दोन लागू शकतात तिथे मी पक्ष्यावर बार टाकणार नाही. चाळीस ही शेवटची रेघ, आणि रानात मी पस्तीसला खूण करतो, कारण भल्या पहाटेच्या उजेडात अंतराचा अंदाज चुकू शकतो.

याच दिवसांत मालकांच्या नातीची बंदूकही कागदावर आली. चौदा वर्षांची मुलगी, वीस बोअर, वजनाला हलकी. तिला शिशाचं तीन इंची काडतूस देऊन खांदा सुजवण्यात अर्थ नव्हता. मालकांनी तिच्यासाठी टंगस्टनची काडतुसं आणली होती. शिशाची घनता अकराच्या थोडी वर, या टंगस्टनची अठरा. त्यामुळे नऊ नंबरचा, आठ शतांश इंचाचा बारीक छर्रासुद्धा शिशाच्या पाच नंबरइतका आत जातो, आणि तो बारीक असल्यामुळे दीड औंसात पाचशेहून जास्त मावतात. तिच्या वीस बोअरने चाळीस यार्डांवर झाकणात १८७ पाडले. मोजता मोजता आम्ही दोघं थकलो, तीच शेवटी ओरडून आकडे सांगत होती. किंमत मात्र एका काडतुसाला सुमारे दहा डॉलर. म्हणून आम्ही तिच्या बंदुकीचे तीनच बार खरे टाकले, बाकी सगळा सराव हलक्या काडतुसांवर.

टंगस्टन घेण्यापूर्वी मालकांनी चोक बनवणाऱ्यांना फोन करून विचारलं होतं की हा चोक त्याला चालतो का. हे करावंच. टर्की चोकमधून पोलादी छर्रे टाकायचे नसतात, बहुतेक चोकवर तसं कोरलेलंही असतं. पोलाद शिशासारखं दबत नाही, चोक आणि नळी दोन्ही फुगू शकतात. छर्रे ज्या प्लास्टिकच्या पेल्यात बसतात त्या वॉडचाही विचार लागतो. काही वॉड मागच्या बाजूने उघडून छर्‍यांना उशिरा सोडतात, आणि असे जुन्या धर्तीचे वॉड भोकं पाडलेल्या चोकमध्ये अडखळतात. आणखी एक बारीक गोष्ट: दर तीन-चार बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक हाताने तपासायचा. माझा एकदा पाव फेरा सैल झालेला सापडला. त्या दिवसाचे आकडे मी धरले नाहीत.

नातीला मुलांच्या शनिवार-रविवारी, म्हणजे मोठ्यांचा हंगाम उघडण्याच्या आधी, सत्तावीस यार्डांवर एक जेक मिळाला. जेक म्हणजे वर्षाचा तरुण नर. तो जागच्या जागी पडला. मी तिथे नव्हतो. मला फोनवर फोटो आला आणि खाली एकच वाक्य होतं: "झाकण चाललं."

माझी पाळी दुसऱ्या आठवड्यात होती. इथे वसंतातला हंगाम एकेका आठवड्याच्या सहा पाळ्यांत वाटलेला असतो, बुधवार ते मंगळवार, आणि प्रत्येकाला आपली पाळी आधी मागून घ्यावी लागते.

बुधवारी पहाटे साडेचारला त्याच कड्यावर गेलो. अंगावर पानांच्या छापाचे कपडे, तोंडावर जाळी. लाल, पांढरा किंवा निळा रंग अंगावर कुठेही ठेवायचा नाही, रुमालसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे हेच रंग आहेत आणि दुसऱ्या शिकाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. रुंद खोडाला पाठ लावून बसलो. पुढे पस्तीस यार्डांवर आदल्या संध्याकाळी एक वाळकी फांदी रोवून ठेवली होती. पलीकडच्या दरीतून सँडहिल क्रौंचांचा खणखणीत आवाज आला, मग घुबड बोललं, आणि घुबडाला उत्तर म्हणून झाडावर बसलेल्या नराने गळा खुला केला. तो गडगडाट पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या छातीत उतरतो. मला अजूनही उतरतो.

स्लेटच्या चकतीवर लाकडी काडी घासून मी मादीचा आवाज काढला. तो खाली उतरला, बोलत बोलत जवळ येत गेला आणि फांदीच्या पलीकडे थांबला. पिसारा उघडलेला, पंख जमिनीला घासत. रेंजफाइंडर ४८ दाखवत होता. तो तिथेच वीस मिनिटं गोल फिरत राहिला. लाल ठिपका त्याच्या मानेवर सहज बसत होता. माझ्या डोळ्यांपुढे तो पन्नास यार्डांचा कागद होता, ज्याच्या पट्टीत दोन भोकं होती. तो दोन माद्यांच्या मागे उतरून गेला. गुरुवारी पाऊस. शुक्रवारी कोणीच बोललं नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला एक नर न बोलता आला. मला आधी ऐकू आलं ते ढोलाच्या चामड्यावर अंगठा घासल्यासारखं घुमणं, मग फांदीच्या अलीकडे, उजवीकडून, त्याचं निळं-पांढरं डोकं दिसलं. पिसारा फुललेला, मान छातीत ओढलेली. अशा वेळी बार टाकायचा नाही, मान लपलेली असते. मी तोंडात धरलेल्या पडद्याच्या शिट्टीने मादीसारखा एकदा छोटा ठसका दिला. त्याने पिसारा मिटला आणि मान लांब केली. लाल ठिपका पिसं संपतात आणि उघडी कातडी सुरू होते तिथे ठेवला. गाल दस्त्यावर आहे की नाही हे मी त्या क्षणी जाणीवपूर्वक पाहिलं. होता.

चोवीस यार्ड. तो उभा होता तिथेच आडवा झाला. पंखांची थोडी फडफड, मग तीही थांबली. मी बंदूक सुरक्षित करून त्याच्याजवळ गेलो, बसलो, हात पिसांवर ठेवला. उन्हात ती पिसं तांब्याची, हिरवी, मग काळी होतात.

नऊ किलोच्या थोडा वर भरला. पायामागची टोकदार नखी सव्वा इंचाची, म्हणजे तीन वर्षांचा किंवा त्याहून मोठा. मोबाइलवर नोंद केली. इथे शिकारीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते.

कोठारात मालकांनी पाणी तापवलं आणि आम्ही पिसं काढली. डोकं आणि मान वेगळी करून मी छर्‍यांच्या जखमा मोजल्या: एकोणीस. त्यांतल्या सहा त्या बोटभर पट्टीत. मालकांनी छातीचे दोन्ही मांसल भाग उजेडाकडे धरून, बोटाने चाचपून पाहिले. एकही छर्रा नव्हता. पायांचं मांस चिवट असतं, ते मी घरी आणून सावंतवाडीच्या मसाल्यात दोन तास मंद शिजवलं, वर भाजलेलं खोबरं घातलं. पातेल्यावर तेच झाकण होतं, पेन्सिलीची रेघ अजून कडेला राहिलेली.